चौदा नंबरची खुर्ची

सीडर रॅपिड्स, १३ जानेवारी २०१३

वेंडेल,

एका गंभीर अन्यायाला वाचा फोडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शिकागो विमानतळावरच्या आमच्या क्रू-रूममधलं कॉफीचं यंत्र नव्या वर्षाच्या मुहूर्तावर उचलून नेण्यात आलं. त्या जागी भिंतीवर एक चौकोनी डाग आणि "आपल्या सहकार्याबद्दल आभार" अशी पाटी आहे. सहकार्य कशात, ते लिहिलेलं नाही. बहुधा झोप येऊ न देण्यात.

पलीकडच्या दाराआड तुमच्या थोरल्या कंपनीच्या पायलटांची खोली आहे. तिथलं यंत्र दुधाला फेस आणतं, असं ऐकते. दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे आणि ते आकडे आम्हाला माहीत नसतात. माझ्या विमानाच्या शेपटीवर थोरलीचा रंग. तिकिटावर थोरलीचं नाव. प्रवाशाला कागदी रुमाल देतो तोसुद्धा थोरलीचा. मी आमच्या धाकट्या हार्टवुड कंपनीची आहे हे पृथ्वीवर फक्त दोघांना ठाऊक आहे, पगार काढणाऱ्या बाईला आणि त्या कॉफीच्या यंत्राला.

आता खरं कारण. हे पत्र मी आईच्या दडपणाखाली लिहिते आहे. नाताळला तिने जाहीर केलं की आपण दोघं बहीण-भाऊ बोलत नाही तोवर या घरात कोलाची, तिच्या त्या सारण भरून भाजलेल्या गोड टिक्क्या, होणार नाहीत. खसखशीच्या नाहीत, आलुबुखाराच्या नाहीत, कसल्याच नाहीत. मी म्हटलं, "आई, आमचं बोलणं बंद आहे, त्याला मी काय करू?"

"बोलणं बंद आहे ना? मग लिहा. हातांचं काय भांडण झालंय?"

तेव्हा लिहिते आहे. तिकीट लावण्याआधी ती पत्र वाचणार आहे, अशीही अट आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या बऱ्याच गोष्टी मी उगाच समजावून सांगेन. तू मनाला लावून घेऊ नकोस, त्या आईसाठी आहेत.

पहिली गोष्ट. तुमच्या युनियनचा नवा करार मंजूर झाला. त्यात लिहिलंय की आमच्यासारख्या धाकट्या कंपन्यांना उक्तं दिलेलं उड्डाण थोरलीने परत घ्यायचं. पन्नास खुर्च्यांची विमानं, म्हणजे माझी, ३१ डिसेंबरला बंद. त्यानंतर सीडर रॅपिड्सहून शिकागोला तुमचं मोठं विमान जाईल, तुमचा माणूस चालवेल, तुमच्या पगारावर. हार्टवुडकडे दुसरं काम नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी कुठे जाईन हे हार्टवुडलाही माहीत नाही आणि मलाही.

अभिनंदन. टोमणा नाही मारत. आई वाचते आहे.

चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू हेच मागितलं होतंस. तेव्हा थोरलीने तुला घरी बसवलं होतं, तू गावोगाव धान्याच्या कोठ्या उभारत होतास, आणि मी म्हटलं होतं, "ये हार्टवुडला, माझ्या उजव्या हाताला बस." तू म्हणालास, "माझीच उड्डाणं अर्ध्या पगारात पळवतेस, आणि वर मला त्यात को-पायलट करतेस?" पाय कापायच्या आधीच तू उठून गेलास. पाय म्हणजे भोपळ्याचा गोड पाय, आई, माझा नव्हे.

मला काही नको. फक्त कोलाची पाहिजेत.

लिबी


शिकागो, ३ मार्च

वेंडेल,

तुझं उत्तर मिळालं. अडीच ओळी. "पत्र मिळालं. आईला नमस्कार. तुमच्या लोकांनी आता अर्ज करायला" आणि मग काहीच नाही. शाई संपली की माणुसकी? आईने मात्र ते चष्मा लावून तीनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पीठ भिजवलं. खसखशीच्या डझनभर झाल्या. तेव्हा तुझ्या अडीच ओळींचा भाव तू समजतोस त्यापेक्षा बराच आहे.

गेल्या आठवड्यात कंपनीने आम्हा सगळ्यांना विमानतळाजवळच्या हॉटेलात बोलावलं. साखर लावलेले डोनट होते. डोनट दिसले की समजावं, कुणीतरी मेलंय. आमचे अध्यक्ष ग्रेडी पेल्टियर बाह्या दुमडून आले. बाह्या दुमडलेला अध्यक्ष त्याहून वाईट. म्हणाले, "हार्टवुड एक कुटुंब आहे." मागच्या रांगेतून बर्ल ऑस्ट्रँडर म्हणाला, "मग वारसाहक्काचं बोला."

बर्ल म्हणजे आमचा एक नंबर. आई, नंबर म्हणजे काय ते सांगते. पायलट ज्या दिवशी कंपनीत येतो त्या दिवशी त्याला एक सीनिऑरिटी नंबर मिळतो. पुढचे लोक निवृत्त झाले, मेले किंवा शहाणे झाले की तो वर सरकतो. नाताळला घरी कोण राहणार, पहाटे तीनला कोण उठणार, कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत कोण बसणार, मंदीत आधी कुणाला काढणार, सगळं तो नंबर ठरवतो. तुम्ही किती चांगलं विमान उतरवता याला तिथे जागा नाही. आणि दुसऱ्या कंपनीत गेलात तर नंबर इथेच ठेवून जायचं, तिथे सगळ्यांत खालून सुरुवात. वेंडेल तीन वर्षं धान्याच्या कोठ्यांवर चढला तो यासाठीच. आमच्याकडे यायचं तर थोरलीचा नंबर सोडावा लागत होता. त्याने सोडला नाही. मीही सोडला नसता, हे तेव्हा मी बोलले नाही.

बर्ल त्रेसष्टचा आहे. थोरलीने त्याला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "एक नंबर सोडून माणूस जातो कुठे?" आता डिसेंबरनंतर तो कशाचा एक नंबर असेल, ते मी त्याला विचारलं.

"कशाचाही नाही," तो डोनट चघळत म्हणाला. "पण एक नंबर राहील, पोरी."

माझा नंबर चौदा आहे. एकवीस वर्षं लागली तो मिळवायला. परवा क्रू-रूममध्ये बसून मी तो एका कागदावर लिहून पाहिला. अगदी साधा आकडा आहे. बर्लला हे सांगू नकोस, त्याचं हृदय कमकुवत आहे.

अध्यक्षांनी बक्षीसही जाहीर केलं. जो कॅप्टन ३१ डिसेंबरपर्यंत राहील त्याला शेवटच्या दिवशी घसघशीत रक्कम. बुडत्या जहाजावर जो शेवटपर्यंत थांबेल त्याला कोरडे मोजे, असा प्रकार. पण मोजे जाड आहेत, म्हणून कुणी हलणार नाही. सगळे कॅप्टन आपापल्या खुर्चीला चिकटून बसलेत.

तुझं ते अर्धं वाक्य पूर्ण करून पाठव. अर्ज करायला काय?

लिबी


सीडर रॅपिड्स, ३ एप्रिल

वेंडेल,

फोनवर रुग्णालयाने तुला कळवलंच आहे. आईचं खुब्याचं हाड बसवलं, ती ठीक आहे, शिव्या देते आहे. बाकीचं मी सांगते, कारण तू तेव्हा टोकियोच्या वाटेवर होतास आणि समुद्राच्या मध्यावर कुणी उतरत नसतं. तो तुझा दोष नाही. मीही फार्गोला बर्फात अडकले होते. आईची दोन मुलं, दोन्ही पायलट, आणि त्या दिवशी दोघांचाही तिला काडीचा उपयोग नव्हता.

शनिवारी ती मागच्या पायरीवरून घसरली. हातात शेजाऱ्यांसाठी नेलेलं कोलाचींचं ताट होतं. ताट तिने पडू दिलं नाही, हे ती डॉक्टरांनाही अभिमानाने सांगते.

मी फार्गोहून ऑगी टिलमनला फोन केला. ऑगी माझा को-पायलट. तो इथून जवळच, व्हिंटनला राहतो, आणि त्याचा इस्टर मोकळा होता. मी म्हटलं, "रुग्णालयात जरा डोकावून ये. दहा मिनिटं."

तो रविवारी सकाळी गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. त्याच्या मुलीकडे जेवण होतं, नातवंडं इस्टरची लपवलेली अंडी शोधत होती, तो गेलाच नाही. मी नंतर म्हटलं, "ऑगी, अरे, हॅम थंड झालं असेल." तो म्हणाला, "हॅम पळत नाही, कॅप्टन. तुमची आई पळायला बघत होती."

हा ऑगी अठ्ठावन्नचा आहे आणि पन्नाशीत पायलट झाला. त्याआधी तो आयोवाभर डुकरांचे लिलाव पुकारायचा. विमानातल्या घोषणा तो त्याच चालीत करतो. उतरताना प्रवासी टाळ्या वाजवतात, पण एकालाही हवामान समजलेलं नसतं. आई मला सांगत होती, "त्या माणसाने माझा लिलाव मांडला, लिबी. नर्ससमोर."

"काय म्हणाला?"

"ऐंशी वर्षांची, दात स्वतःचे, एक पाय मोडका पण जीभ शाबूत, कोण बोली लावतं?"

"मग लावली का कुणी?"

"कुणी नाही. शेवटी त्यानेच लावली. म्हणाला, घरी नेऊन ठेवतो, गुरं घाबरतील."

इतकं हसली की टाके दुखले. नर्सने मला तंबी दिली की पुन्हा त्या माणसाला पाठवू नका. मी म्हटलं, मी तरी कुठे पाठवला.

त्याचा एक रविवार आपण खाल्ला, वेंडेल. हे मी आईसाठी लिहीत नाही. ती झोपली आहे आणि हे पत्र मीच टपालात टाकते आहे.

तुझं दुसरं उत्तरही पोहोचलं. चार ओळी. प्रगती आहे. तर वाक्य असं होतं: तुमच्या लोकांनी आता अर्ज करायला हरकत नाही, थोरली मुलाखती घेणार आहे. बरं. हरकत नाही, म्हणे. तुझ्या हरकतीवर मी एवढी वर्षं अडून बसले होते जणू.

लिबी


सीडर रॅपिड्स, १६ जून

वेंडेल,

मी तुझ्यावर चिडले आहे, आणि या वेळी कारण चांगलं आहे.

शुक्रवारी शिकागोहून घरी यायचं विमान घेऊन निघत होते. दारात थोरलीचा एक कॅप्टन येऊन उभा राहिला. उंच, पांढऱ्या मिशा, टोपी काढून हातात. आई, हा आमच्यातला रिवाज आहे. दुसऱ्याच्या विमानात कॉकपिटातल्या घडीच्या खुर्चीवर बसून फुकट जायचं असेल तर स्वतः दाराशी येऊन कॅप्टनला विचारायचं. तुमचे तीस वर्षांचे पट्टे असोत, विचारायचं. कॅप्टन नाही म्हणू शकतो आणि कारण द्यावं लागत नाही. जगात इतका सन्मान मला दुसरीकडे कुठेच मिळत नाही, म्हणून मी या क्षणी जरा वेळ घेते.

"होलिस मॅब्री. तुमच्याबरोबर येऊ का, कॅप्टन?"

"या. खुर्ची मोडकी आहे, मान जपा. आणि उजवीकडे जो बसलाय तो तुमचा लिलाव करेल, तर किमतीवर अडून राहू नका."

वर गेल्यावर तो माझ्या छातीवरची पाटी वाचत म्हणाला, "हाव्लिक? आमच्याकडे एक हाव्लिक आहे."

"आयोवात हाव्लिक पोत्याने मिळतात."

"हा सभेत उभा राहून बोलतो आणि मध्येच थांबून पाणी पितो. लोक वाट बघत बसतात."

"तोच," मी म्हटलं. "लहानपणी जेवताना पण असंच करायचा."

मग त्याने सुरुवात केली. फेब्रुवारीत तुमच्या युनियनची सभा होती, मोठं सभागृह, सहाशे माणसं. करार नुकताच जिंकलेला, सगळे खुशीत. तू उठलास. म्हणालास, "आपण विमानं परत घेतोय. ती एकवीस-बावीस वर्षं कुणी चालवली? आपला रंग लावून, आपल्याच प्रवाशांना नेऊन? विमान घेता, तर माणसंही घ्या. बाहेरच्यांच्या आधी त्यांच्या मुलाखती झाल्या पाहिजेत." लोकांनी आरडाओरडा केला. कुणी म्हणालं, आपल्या काढलेल्या पोरांना आधी घ्या. तू म्हणालास, ते सगळे परत आलेत, मी स्वतः त्यातलाच एक आहे, आता रांगेत पुढे कोण ते बोला. मग मागून एक जण ओरडला...

इथे विमान दहा हजार फुटांखाली आलं.

आई, दहा हजार फुटांखाली कॉकपिटात कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही, असा कायदा आहे. मी हा कायदा एकवीस वर्षं पाळला आणि शुक्रवारी पहिल्यांदा मनातल्या मनात त्याच्या बापाचा उद्धार केला. होलिसने ओठ मिटले. ऑगी नकाशाकडे बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी उतरवलं. बरं उतरवलं, फार बरं नाही. वळले, टर्मिनलपाशी आणलं, इंजिनं बंद केली, तपासणीची यादी वाचली. ऑगीने ती यादी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू वाचली. मुद्दाम.

मग मी मागे वळून म्हटलं, "मागून एक जण ओरडला?"

"हां. ओरडला, बहिणीची वकिली करतोस का?"

"आणि?"

"तो पाणी प्यायला."

"होलिस."

"म्हणाला, हो, करतोय. पण तिने मला फी दिलेली नाही, आणि ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही. लोक हसले. मग मतदान झालं. थोडक्यात मंजूर झालं."

ऑगी म्हणाला, "विकलं."

तर फेब्रुवारीत तू हे केलंस, आणि मला कधी, कुणाकडून कळलं? जूनमध्ये, एका परक्या माणसाकडून, तेही दोन हप्त्यांत. "तुमच्या लोकांनी अर्ज करायला हरकत नाही", एवढंच तू मला लिहिलंस. अरे, अशा गोष्टी लोक नाताळच्या जेवणात दहा वर्षं ऐकवतात. तू अडीच ओळींत गिळून टाकलीस.

मी त्या जेवणाला जे बोलले ते मागे घेत नाही. तूही घेऊ नकोस. दोन्ही खरंच होतं. तुझ्या उड्डाणाचे पैसे माझ्या कंपनीने खाल्ले आणि मला त्यातले उष्टे मिळाले. पण एक सांगते. ज्या दिवशी तुला काढलं, त्या दिवशीपासून तू परत जाईपर्यंत, शिकागोचं उड्डाण घेऊन मी रोज उठत होते, तेव्हा विमान बाहेर ढकलताना दर वेळी मनात यायचं की हे वेंडेलचं आहे. त्यामुळे ते वाईट चालवलं असं नाही. उलट जरा नीटच चालवलं.

अर्ज केला आहे.

लिबी


सीडर रॅपिड्स, ११ ऑगस्ट

वेंडेल,

मुलाखत झाली. टेबलापलीकडे तीन जण होते. त्यातला एक माझ्या बॅगेपेक्षा वयाने लहान. त्यानेच विचारलं, "एकवीस वर्षांच्या अनुभवानंतर सगळ्यांत खालून सुरुवात करायला कसं वाटेल?"

मी म्हटलं, "मी एकवीस वर्षं तुमचेच प्रवासी, तुमच्याच रंगाच्या विमानात, तुमच्याच दारातून नेते आहे. मी नवीन येत नाहीये. तुम्ही मला आता पहिल्यांदा पाहताय, एवढंच."

मधल्या बाईने तोंडावर हात धरला. मग तिने हवामान, बर्फ, एक इंजिन बंद पडलं तर काय, असं बरंच विचारलं, आणि ते सगळं मला येतं. वेंडेल, मला हे काम फार छान येतं. कुणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. नंबर विचारायचे.

मंगळवारी फोन आला. मला घेतलं. ६ जानेवारीला वर्ग सुरू. को-पायलट, मोठं विमान, तुझ्या खाली कित्येक हजार नंबर. एक मजा ऐक. एकाच वर्गात भरती झालेल्यांचे नंबर तुमच्याकडे वयाने लागतात, सगळ्यांत म्हातारा पहिला. तेव्हा वर्गात पहिली मीच आहे. आई शेजाऱ्यांना सांगत सुटली आहे, लिबी पहिली आली.

आता हार्टवुडचा राजीनामा कधी द्यायचा, हा प्रश्न. तुझं पत्र आलं, आणि चक्क दीड पान. "३१ डिसेंबरला दे. बक्षीस घे. जानेवारीत वर्गात बस. यात विचार करण्यासारखं काही नाही." बर्लही तेच म्हणाला, "पोरी, डिसेंबरच्या आधी जाशील तर मीच तुला वेड्यांच्या इस्पितळात सोडून येईन, मोफत." दोन शहाणी माणसं एकच सांगताहेत. हिशेब बरोबर आहे. मलाही दुसरा येत नाही.

क्रू-रूममध्ये त्या चौकोनी डागाशेजारी एक नोटीस लागली आहे. १ सप्टेंबरनंतर हार्टवुड एकाही को-पायलटला कॅप्टन करणार नाही. मरणाऱ्या कंपनीने प्रशिक्षणावर पैसे का घालावेत? पण त्या तारखेपर्यंत कुठलाही कॅप्टन गेला, तर थोरलीच्या कराराप्रमाणे ती खुर्ची भरावीच लागते, आणि रांगेतल्या पहिल्या को-पायलटला मिळते.

रांगेत पहिला ऑगी आहे. गेली कित्येक वर्षं पहिला आहे. मंदी आल्यापासून आमच्याकडे एकही खुर्ची हलली नाही, आणि आता बक्षिसामुळे हलणार नाही. लुइव्हिलची एक माल वाहणारी कंपनी आहे, तिथे त्याने अर्ज केला. त्यांनी साठीच्या माणसालाही घेतलं असतं, पण त्यांना कॅप्टनच्या खुर्चीतले तास हवेत. कितीही चालतील, पण हवेत. थोरलीने त्याला मुलाखतीलाच बोलावलं नाही. मुलाखती फक्त कॅप्टनना, असं तुमच्या सभेत ठरलं होतं. तुझा दोष नाही, तेवढं मिळवलंस हेच पुष्कळ.

काल विमान सुरू करण्यापूर्वी मी विचारलं, "ऑगी, डिसेंबरनंतर काय?"

"डुकरं आहेत की."

"खरं सांग."

"खरंच. डुकरं कुठे जातात?" मग त्याने चष्मा पुसला. "पाच वर्षं रांगेत पहिला आहे, कॅप्टन. रांगेत पहिला असण्याची एक मजा असते. पुढे फक्त दार दिसतं. ते उघडत नाही, एवढंच." आणि लगेच यादी वाचायला लागला, नेहमीच्या चालीत.

तो माझ्याकडे काही मागत नव्हता, वेंडेल. मागितलं असतं तर सोपं गेलं असतं.

लिबी


सीडर रॅपिड्स, ३१ ऑगस्ट

वेंडेल,

काल सकाळी मी हार्टवुडचा राजीनामा दिला.

तू ओरडशील तेवढं ओरडून घे, मी थांबते.

झालं? तर लाइल बॉमगार्टनरच्या केबिनमध्ये गेले. तो आमचा मुख्य पायलट. त्याने कागद वाचला, उलटा केला, मागे काही लिहिलंय का पाहिलं. मग दार लावलं.

"लिबी, चार महिने थांब की. बक्षीस आहे."

"माहीत आहे."

"तुझी थोरलीतली नोकरी जानेवारीत आहे. मधे काय खाणार?"

"कोलाची."

"कारण लिहावं लागतं."

"वैयक्तिक लिही."

"सगळे वैयक्तिकच लिहितात." त्याने पेन टेबलावर आपटलं. "चौदा नंबर आहे तुझा. चौदा. त्याच्यासाठी मी माझा भाऊ विकला असता."

"मला भाऊ विकायची सोय नव्हती," मी म्हटलं. "तो थोरलीचा आहे."

त्याने संगणकात काहीतरी दाबलं आणि मी गेले. माझ्याखालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं होतं, एकवीस वर्षांचं ओझं उतरताना निदान पाठ तरी हलकी होईल. ती झाली नाही. पण जिन्यावरून उतरताना मी शीळ घालत होते, हे माझ्या लक्षात आलं. बर्ल खाली भेटला. त्याला बातमी आधीच कळली होती. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुपारी लाइलने ऑगीला फोन केला. ऑगी शेतावर होता. नंतर त्याने मला फोन केला. मागे डुकरांचा गलका. "कॅप्टन, काहीतरी गडबड आहे. लाइल म्हणतो, सोमवारपासून कॅप्टनच्या प्रशिक्षणाला ये. कोण मेलं?"

"चौदा नंबर."

बराच वेळ डुकरंच बोलत राहिली. मग तो म्हणाला, "तुम्ही असं का केलं?" मी म्हटलं, मला आईच्या खुब्याजवळ राहायचंय, जानेवारीत वर्ग आहे, अभ्यास करायचाय, मोठं विमान आहे, नवी यंत्रं आहेत, वगैरे. ते सगळं खरंही आहे. त्याने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. लिलाववाला माणूस, समोरच्याचा चेहरा वाचतो, पण फोनवर चेहरा नसतो.

पुढच्या महिन्याच्या शेवटी तो डाव्या खुर्चीत बसेल. डिसेंबरपर्यंत. लुइव्हिलवाल्यांशी तो बोलला, ते थांबायला तयार आहेत.

आईने पत्र वाचायला मागितलं. मी दिलं नाही. तिने कारणही विचारलं नाही, माझ्यासमोर पोळपाट ठेवला आणि म्हणाली, चार महिने बेकार आहेस ना, मग लाटायला लाग, आणि कडा पातळ कर. माझ्या को-पायलटगिरीची सुरुवात इथूनच होते आहे असं दिसतं.

हिशेबात तू बरोबर होतास. मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पटलं. पण त्या माणसाचा एक इस्टरचा रविवार आपल्या घरावर उधार होता. अर्धा माझ्या नावावर आणि अर्धा तुझ्या. मी दोन्ही फेडून टाकले. ऑगीला यातलं काही कळवू नकोस.

लिबी